कडूबाकाकांची विचारपूस

सकाळी चितेगावच्या कंपनीची बस गाठायला मी फाटकाची कडी काढली, की शेजारच्या ओट्यावरून प्रश्न यायचा, "ताई, जाऊन आल्या का?"

नवख्या माणसाला वाटावं, देवळात जाऊन आल्या का, किंवा गिरणीत. तसं काही नव्हतं. कडूबाकाका बाथरूमबद्दल विचारत असत, आणि तेही गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी बहिरेपणाचं सोंग घेऊन चालू लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, वर पुस्ती जोडून: "चितेगाव काय जवळ नाय. पैठण रोडला गाड्या अडकून पडल्या म्हंजी काय करता? जाऊन या, मंग निघा. बस काय पळून नाय चालली." समोरचे दोन गृहस्थ स्कूटर चालू करता करता थांबले. माझे कान तापले. पंचेचाळिशी ओलांडलेली, कारखान्याच्या तपासणी विभागात भल्याभल्यांवर डाफरणारी बाई मी, आणि या म्हाताऱ्याच्या प्रश्नापुढे शाळकरी पोरीसारखी निमूट घरात परत गेले. बस त्या दिवशी खरंच अडकली, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आमची घरं सिडकोतली, जोडून बांधलेली. मधली भिंत एकच. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते अलीकडे कळतं. मी एकटी राहते, त्यामुळे त्या घरातले आवाज मला माझ्या घरातल्यापेक्षा जास्त पाठ होते. कौसाकाकू होत्या तोवर तिकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, डबे उघडल्याचा, आणि काकांच्या खाकरण्याचा. काका काकूंशी बोलत नसत, खाकरत. एक खाकरणं चहासाठी, दोन टोपीसाठी, आणि लांबलचक एक म्हणजे पाहुणे आलेत, बाहेर या. काकूंना सगळं कळायचं. त्यांचा चाळीसेक वर्षांचा संसार या भाषेत बिनबोभाट चालला होता.

काका मूळचे देवगाव रंगारीचे. घरची शेती होती, ती भावांनी सांभाळली. हे पाटबंधारे खात्यात कालव्यावर लागले आणि कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. धरणातून सुटलेलं पाणी कुठल्या शेताला कधी पोचलं, कुणी मध्येच बांध फोडला, कुठं गाळ साठला, हे बघत त्यांची हयात मोटारसायकलवर गेली. माणूस सरळ, थोडा ताठ, आणि बायकांच्या बाबतीत कमालीचा भिडस्त. मी इथं राहायला आले तेव्हा पहिली तीन वर्षं ते माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायचे. "पाणी आलंय म्हणा," एवढं भिंतीला सांगायचे आणि आत जायचे. असा माणूस पुढं भर गल्लीत बायकांना "जाऊन आल्या का" विचारत सुटला, याचं लोकांना हसू यायचं. मला सुरुवातीला राग यायचा. खरं कारण कळल्यावर मात्र दोन्ही जमेना.

काकांना मधुमेह होता, आणि तो साऱ्या गल्लीचा होता. नाव कडूबा आणि रोग गोडाचा, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणत आणि तेही हसत. सकाळी फिरायला जाणाऱ्यांत त्यांच्या साखरेचा आकडा एखाद्या सामन्याच्या निकालासारखा फिरायचा. आज किती? अरे वा. आज किती? अरेरे, काल काय खाल्लं? कुणाच्या घरी बारसं असलं तर काकांसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा यायचा आणि चारचौघांत त्यांच्या हातात दिला जायचा. जणू मानाचं पान. काकू त्यांची भाकरी मोजून करत, मेथी निवडत, कारली चिरत, सुईला ते घाबरत म्हणून रोज सकाळी त्यांचं बोट धरून टोचत. लहान मुलासारखं तोंड दुसरीकडे करून काका बसलेले मी पाहिले आहेत.

मधुमेह काकूंनाही होता. तो कळला डोळ्यांच्या एका शिबिरात, आणि तिथंच राहिला. मी एकदा अंगणातल्या भिंतीवरून विचारलं, "काकू, तुमची साखर कधी तपासता?" त्या हसल्या. "आमच्या घरात एकाची शुगर पुरं हाय, ताई. दोघंबी बसलो तं बघायचं कुणी?" त्यांचा इलाज काय होता, तेही त्यांनीच सांगितलं. डॉक्टरांनी काकांच्या गोळ्या बदलल्या, की उरलेल्या जुन्या गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून त्या काकू घेत. नवऱ्याचं उतरलेलं स्वेटर घालावं तितक्या सहज. मी बोलले, रागावलेसुद्धा. "बरं बरं," म्हणाल्या आणि मला कोथिंबिरीची जुडी दिली.

देवगावला त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. लग्नाच्या आधीपासून काकूंना बरं नव्हतं. "उष्णता झालीय," म्हणत धण्याचं पाणी पीत होत्या. लग्नघरी मांडवात पाणीच प्यायल्या नाहीत, कारण तिथं बायकांना जायला आडोसा नव्हता. परत आल्या त्या थंडी वाजून ताप घेऊनच. कुणी मलेरिया म्हणालं, कुणी लग्नातली दगदग. कमरेत कळ होती, ती पोळ्या लाटून आली असेल असं ठरलं. दवाखान्यात नेलं तेव्हा लघवीतला संसर्ग मूत्रपिंडात चढून रक्तात पसरला होता. काकू परत आल्या नाहीत.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काकांना विचारलं होतं, जळजळ किती दिवसांपासून होती? याआधी कधी झालं होतं का? काकांना एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. हे त्यांनी मला तेराव्यानंतर ओट्यावर बसून सांगितलं, पहिल्यांदाच थेट माझ्या डोळ्यांत बघून. "तिनं सांगितलंच नाय, ताई. एक सबद नाय. बाईमाणसाला या रोगात ही तकलीफ लई व्हती म्हणं. पुरुषाला कमी. डॉक्टरीणबाईनी कागदावर काढून दावलं. पुरुषाचा कालवा लांब, बाईचा आखूड. तोंड जवळ, म्हणून घाण लवकर वर चढती. आन् साखर असली का ती घाण पोसती. मी उभी हयात कालवे बघितले. मला हे कुणी सांगितलं नव्हतं."

त्या दिवसापासून ते सांगत सुटले.

त्यांना व्याख्यान वगैरे देता येत नव्हतं. त्यांची रीत एकच, समोर दिसेल त्या बाईला विचारायचं. पाणी पिलं का? जाऊन आल्या का? दाबून ठिवता का? धुणंभांड्याच्या बाईला विचारलं, तिनं आमच्या गल्लीतलं काम सोडायची धमकी दिली. कोपऱ्यावरच्या शिकवणीच्या मास्तरीणबाईंना विचारलं, त्यांच्या यजमानांनी येऊन काकांना दम भरला. "वयाचं भान ठेवा," असं ते ओरडत होते. काका ऐकून घेत होते. सगळं ओरडून झाल्यावर काकांनी त्यांनाच विचारलं, "तुमी इचारता का त्यांना?" ते गृहस्थ तणतणत निघून गेले. पुढं त्या मास्तरीणबाई काकांचं घर आलं, की रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या. सकाळच्या फिरणाऱ्यांनीही हळूहळू त्यांना टाळायला सुरुवात केली. काकांच्या साखरेचा आकडा विचारणारं कुणी उरलं नाही, आणि बोट टोचणारंही. ते आता डोळे मिटून स्वतःच टोचत.

संक्रांतीला त्यांनी जे केलं त्यानं तर कहर झाला. आमच्या गल्लीतलं हळदीकुंकू एकत्र असतं, यंदा हिच्या अंगणात, पुढच्या वर्षी तिच्या. दरवर्षी काकू हौसेनं वाण लुटायच्या, कधी गाळणी, कधी वाट्या. त्या वर्षी काका शहागंजच्या बाजारातून पाण्याच्या स्टीलच्या बाटल्यांचं भलंमोठं खोकं घेऊन आले आणि माझ्या दारात ठेवलं. "हे तिचं वाण. तुमी वाटा." मी त्यांना समजावलं, की काका, मी बिनलग्नाची, मला तिथं तिळगुळापुरतं बोलावतात, मी वाण कसं लुटणार? त्यांनी खोक्यावर हात ठेवला. "मंग मी देतो."

आणि खरंच गेले. स्वच्छ टोपी घालून, खोकं रिक्षात घालून त्या अंगणाच्या फाटकाशी उभे राहिले. आत नटलेल्या बायका, बाहेर हा एकटा पुरुष. गेलेल्या बाईचं वाण, आणि ते वाटणार तिचा नवरा, असं कुणी ऐकलंय? कुणाला हसू आवरेना, कुणाला ते अशुभ वाटलं. काही जणींनी भीड म्हणून बाटल्या घेतल्या. जाताना त्यातल्या निम्म्या तिथंच कठड्यावर ठेवून गेल्या. कार्यक्रम संपल्यावर काका त्या बाटल्या एकेक करून खोक्यात भरत होते. मी मदतीला गेले. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "जड नायत. रिकाम्याच हायत." त्या संध्याकाळी मला त्या सगळ्या बायकांचा राग आला, माझ्या मैत्रिणींचासुद्धा.

उरलेल्या बाटल्या त्यांनी शहागंजात वाटल्या. तिथं घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास हातगाड्या लावणाऱ्या बायका बसतात. त्यांतली शमीमबी बांगड्या विकायची. काकांनी तिला बाटली दिली आणि नेहमीचं सांगितलं, दिवसभर पाणी पीत जा. तिनं बाटली उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "चच्चा, पानी तो पीऊँ, पर पीको जाऊँ किधर? मर्दां का क्या है, कोने में खड़े हो गए."

काका तिथून तडक निघाले. घरी येऊन मला म्हणाले, "ताई, मी अर्धंच सांगत फिरत व्हतो की वो. पाणी सोडायचं म्हणलं तं पुढं ते वाहून न्यायला चारी पाहिजे."

मग ते तिथल्या एका कापड दुकानदाराकडे गेले. जुनी ओळख होती, मुलाच्या लग्नाचा बस्ता तिथंच बांधला होता. दुकानाच्या मागं संडास होता. काकांनी गळ घातली, या बाईला जाऊ देत चला. दुकानदार भला माणूस, तयार झाला. महिनाभर ठीक चाललं. मग शेजारची मेथी विकणारी जाऊ लागली, मग लिंबंवाली, मग दुपारी रांगच लागू लागली आणि गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं. दुकानदारानं कुलूप घातलं. काका हे सांगताना चिडले नव्हते. "कालव्यावर बी असंच व्हायचं. एकाला पाणी दिलं का शेजारी बी दाराची फळी काढायचा. तहान काय एकट्याला लागती?" मग म्हणाले, "शमीमबी आता पुन्हा पाणी पीत नाय. बाटलीत पानाचा चुना ठिवती."

घरात त्यांचा एकटेपणा कसा चालला होता, ते मला भिंतीतून कळायचं. आता भाकरी थापल्याचा आवाज नव्हता, खाकरण्याचा तर नव्हताच. विलास, त्यांचा एकुलता मुलगा, पुण्याला असतो. तो रविवारी फोन करायचा. काका फोन स्पीकरवर लावून, टेबलावर ठेवून मोठ्यानं बोलत, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू यायच्या. "आप्पा, गोळ्या घेता ना?" "घेतो." "बरं, ठेवू?" "ठिव." आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या दिवशी काका काकूंच्या क्रमानं सगळी भांडी भरायचे, पिंप, हंडे, कळशा, पातेली, अगदी तांब्येसुद्धा. एकट्या माणसाला एवढं पाणी कशाला? पुढच्या पाण्याच्या दिवशी ते सगळं जसंच्या तसं असायचं. मग एकेक भांडं उचलून गल्लीतल्या कडुनिंबाला घालायचे आणि पुन्हा भरायला लागायचे. मी म्हटलं, "काका, कमी भरा." म्हणाले, "सवय मोडत नाय."

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी फाटकाची कडी काढली आणि प्रश्न आला नाही. काका ओट्यावरच होते. मी मुद्दाम थांबले, पिशवीत काही शोधल्यासारखं केलं. "निघाल्या का," एवढंच म्हणाले. बसमध्ये मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटत राहिलं. ज्या प्रश्नाचा एवढा वैताग केला, त्याची सवय झाली होती म्हणायची. आठवडाभर असंच चाललं. रविवारी मी घरी होते तर पलीकडे बाथरूमची कडी थोड्या थोड्या वेळानं वाजत होती. जावं, लगेच बाहेर यावं, पुन्हा जावं. काकू असत्या तर दुसऱ्या खेपेलाच त्यांनी काय ते ओळखलं असतं. मी दुपारपर्यंत नुसती ऐकत बसले आणि मग गेले.

काका स्वेटर घालून खुर्चीत बसले होते. बाहेर ऊन रणरणत होतं.

"बरं नाही का?"

"उन्हाची झळ लागली जरा."

"उन्हाची झळ लागली म्हणून स्वेटर?"

त्यांनी स्वेटर आणखी ओढून घेतलं. ओठ सुकलेले, डोळे ओढलेले.

"साखर बघितली?"

"वर हाय जरा. उतरंल."

मी मनाचा हिय्या केला. त्यांनीच शिकवलेला प्रश्न त्यांना विचारायला मला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. "काका, लघवीला जळजळ होते का?"

मी काहीतरी अभद्र बोलले असावे, असे ते माझ्याकडे बघत राहिले. मग कित्येक वर्षांनी त्यांची नजर पुन्हा भिंतीकडे गेली. "ताई, तो बायकांचा आजार हाय. आमचं तसलं काय नसतं."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कामून पाहिजे? आमचा कालवा लांब हाय."

मला हसावं की रडावं कळेना. सगळ्या शहरातल्या बायकांना जे त्यांनी लाज सोडून विचारलं, ते स्वतःच्या बाबतीत कबूल करायची त्यांना लाज वाटत होती. आणि नुसती लाज नव्हती. त्यांचा खरोखरच विश्वास होता, की हे दुखणं कौसाचं आणि कौसासारख्यांचं आहे, आपल्याला व्हायचं नाही. ते त्यांनी बायकांच्या नावावर करून टाकलं होतं. मी दवाखान्यात चला म्हटलं. नाही म्हणाले. विलासला फोन करते म्हटलं. "त्याला खामखा घोर लावू नका," म्हणाले. मी हट्टाला पेटले, ते माझ्याहून हट्टी. शेवटी ते पाणी प्यायला म्हणून उठले आणि तोल जाऊन टेबलाला धरून उभे राहिले. हाताला चटका बसावा इतका ताप होता. मी रिक्षा बोलावली. मग त्यांनी वाद घातला नाही.

दवाखाना तोच, आणि योगायोगानं डॉक्टरीणबाईही त्याच. त्यांनी काकांना ओळखलं. त्यांनी विचारायला सुरुवात केली तशी काका माझ्याकडे बघू लागले. मी बाहेर गेले. दार अर्धं उघडं होतं. बराच वेळ नुसता बाईंचाच आवाज येत होता. मग काकांचा, अगदी बारीक. "पंधरा दिस झाले आसतीन."

बाईंनी मला नंतर आत बोलावून दोघांना मिळून समजावलं. पुरुषांना हा त्रास बायकांपेक्षा कमी वेळा होतो, हे खरं. पण होतो तेव्हा त्याला साधं समजायचं नसतं. वयानं त्यांची प्रोस्टेटची गाठ वाढली होती, लघवी पूर्ण होत नव्हती, आत साठत होती. साखर वाढलेली. संसर्ग एका मूत्रपिंडापर्यंत चढला होता. "बायका सांगत नाहीत, कारण लाजतात," त्या म्हणाल्या, "आणि पुरुष सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं हे आपलं नाहीच. येताना दोघंही सारख्याच उशिरा येतात." काका मान खाली घालून ऐकत होते. मी म्हटलं, "काका, कालवा लांब आहे खरा, पण दार अडकल्यावर पाणी तुंबणारच." त्यांनी मान हलवली. त्यांच्या खात्यातली गोष्ट, त्यांना लगेच पटली.

ते मूत्रपिंड वाचेल की नाही, हे चार-पाच दिवस कुणी सांगत नव्हतं. सलाईन, इंजेक्शनं, लघवीची नळी. विलास आला, बायकोला घेऊन आला. चांगला मुलगा आहे, धावपळ केली त्यानं. पण नळी लावलेल्या बापाकडे बघणं त्याला जमत नव्हतं. बोलताना तो खिडकीकडे बघायचा. काकांनी ते ओळखलं होतं. मी गेले की त्याला मुद्दाम चहाला पाठवायचे, पोरगा जरा मोकळा होईल म्हणून. दिवसभर पलंगावर पडून ते छताकडे बघत राहायचे. मला वाटायचं, आजारानं थकलेत. मूत्रपिंड वाचलं, पण अधू झालं. जपावं लागेल, बाई म्हणाल्या, आणि एकटं ठेवू नका.

म्हणून पुण्याला जायचं ठरलं. नवव्या मजल्यावर विलासचं घर. काकांना विचारलं असेल, पण ते विचारणं नावापुरतंच. गॅस बंद केला, पिंप उपडं केलं, घराला कुलूप लागलं. सामान गाडीत गेलं. गल्लीतले लोक निरोपाला आले, मास्तरीणबाईसुद्धा आल्या. एकटेपणात ज्यांनी हटकून टाळलं, तीच माणसं आता गाडीभोवती कोंडाळं करून उभी होती आणि तब्येतीला जपा म्हणत होती. काका पुढच्या सीटवर बसले. विलासनं गाडी सुरू केली आणि काकांनी दार उघडलं.

"काय झालं, आप्पा?"

"मला जायचंय."

"आत्ताच तर जाऊन आलात. घराला कुलूप लावलंय आता. नगरच्या अलीकडं थांबू ना आपण."

"परत लागली," काका सगळ्यांच्या देखत म्हणाले. "गाठीमुळं व्हतं तसं. आन् जळतंय बी आजून जरा." मग मला म्हणाले, "ताई, तुमच्याकडं जातो."

मी त्यांना घरात घेतलं. ते आत गेले, नळ बराच वेळ वाजत राहिला. बाहेर आले ते चेहऱ्यावर पाणी मारून. मी टॉवेल दिला. तोंड पुसलं, पण निघेनात. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, दम लागला असेल.

"ताई, तुमाला मी खोटं बोललो," ते म्हणाले. "तुमालाच नाय, समद्यायला."

"काय खोटं?"

"तिनं सांगितलं व्हतं."

बाहेर विलासनं हॉर्न वाजवला. हलकासा, आठवण म्हणून.

"देवगावहून येताना. जीपमधी. अंगात ताप व्हता, माझ्या खांद्याला टेकून बसली व्हती. हळूच म्हणली, गाडी थांबवा म्हणा, लई जळायलंय, सोसत नाय. मागं पाव्हणे बसलेले. डायवर परका. मला लाज वाटली, ताई. मी म्हणलं, गप ऱ्हाय, आलंच घर. घर कुठं आलं व्हतं? निम्मा रस्ता बी झाला नव्हता. मंग ती बोललीच नाय. घर येस्तोवर बोलली नाय."

मी म्हणणार होते, की काका, त्या एका थांब्यानं काही झालं नसतं, दुखणं आधीच वर चढलेलं होतं, डॉक्टरही हेच सांगतील. ते खरंही होतं. पण ते ऐकायला काका आले नव्हते. मला फार वाईट वाटलं, त्या दोघांचंही. जीपमधल्या त्या बाईचं आणि दारातल्या या माणसाचं. मी नुसता त्यांच्या हातातला टॉवेल घेतला.

"पंधरा दिस मला जळलं तं कळलं," ते म्हणाले. "आगीवर बसल्यावानी व्हतं. आन् ती गप बसली व्हती माझ्या शेजारी."

मग टोपी नीट केली आणि बाहेर गेले. गाडीत बसले. सूनबाईनं मागून पाण्याची बाटली पुढं केली, ती घेतली. विलास म्हणाला, "आता नगरलाच थांबू, आप्पा. मध्ये रस्त्याचं काम चालू आहे." काकांनी बाटली न उघडताच मांडीवर ठेवली. लोकांनी हात हलवले, गाडी निघाली.

गल्लीच्या टोकाला ती वळत असताना खिडकीतून काकांचा हात बाहेर आलेला मला दिसला. उभा पंजा, बोटं पसरलेली. तो आम्हाला निरोपाला होता, की विलासला थांब म्हणायला, ते एवढ्या लांबून कळलं नाही. गाडी काही थांबली नाही. त्याअर्थी निरोपालाच असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि फाटक लावून घेतलं.